‘यावं’, ‘येवो’, ‘असला तरी’ आणि फ्रेंचचं सब्जोंक्तिफ

फ्रेंच शिकणारे मराठी विद्यार्थी साधारण बी-वन, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत व्यवस्थित चाललेले असतात. वर्तमानकाळ हाताशी असतो, दोन भूतकाळांतला फरक बऱ्यापैकी कळलेला असतो, भविष्यकाळ तर सोपाच वाटतो. मग ‘सब्जोंक्तिफ’ हे क्रियापदाचं रूप येतं. सोबत एक लांबलचक यादी येते: इच्छा दाखवणारी क्रियापदं, शंका दाखवणारी, भावना दाखवणारी, गरज दाखवणारी, शिवाय वीस-पंचवीस उभयान्वयी शब्द. विद्यार्थी यादी पाठ करतात, परीक्षेत गाळलेल्या जागाही भरतात. बोलताना मात्र हे रूप तोंडात येत नाही.

याचं मोठं कारण म्हणजे आपण फ्रेंच इंग्रजीतून शिकतो. इंग्रजीत हे रूप झिजत झिजत जवळपास दिसेनासं झालंय. त्यामुळे इंग्रजीतून समजावणाऱ्या पुस्तकाला प्रत्येक वापर नवा म्हणून सांगावा लागतो, आणि त्यातूनच ती यादी तयार होते. मराठी माणसाला एवढ्या मोठ्या यादीची गरज नाही असं माझं ठाम मत आहे. हा भेद आपण दिवसभर करत असतो.

‘तो येतो’ आणि ‘त्याने यावं’ ही दोन वाक्यं घ्या. पहिलं वाक्य बातमी देतं. ते खरं असेल किंवा खोटं, पण बोलणाऱ्याने काहीतरी ठामपणे मांडलंय. दुसऱ्या वाक्यावर ‘खोटं बोलतोस’ असं कुणी म्हणू शकत नाही, कारण तो येतोय की नाही याबद्दल त्यात काहीच म्हटलेलं नाही. तो येणं ही फक्त एक कल्पना आहे, आणि तिच्याविषयी आपली इच्छा सांगितली आहे. फ्रेंचमधला भेद नेमका हाच आहे. एखादी गोष्ट बोलणारा स्वतःच्या जबाबदारीवर ‘असं आहे’ म्हणून मांडत असेल, तर साधं रूप. ती नुसती समोर धरून तिच्याबद्दल दुसरंच काही सांगायचं असेल (हवी आहे, नको आहे, भीती वाटते, शंका आहे), तर सब्जोंक्तिफ.

शाळेच्या मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. फ्रेंच व्याकरणातही परंपरेने अँदिकातिफ, अँपेरातिफ, सब्जोंक्तिफ आणि कोंदिसियोनेल असे चार मोड सांगतात. पहिली दोन तर सरळ जुळतात. ‘पाऊस पडता तर पीक आलं असतं’ हा आपला संकेतार्थ कोंदिसियोनेलच्या शेजारी बसतो. विध्यर्थ म्हणजे ‘यावं, करावं, असावं’, हा सब्जोंक्तिफचा सर्वांत जवळचा नातेवाईक. फक्त एक लक्षात ठेवायचं. फ्रेंचमध्ये सब्जोंक्तिफ जे काम एकट्याने करतं, ते मराठीत अनेक रूपं वाटून घेतात. ‘यावं’, ‘येवो’, ‘येऊ दे’, ‘येण्याची’, ‘आला तरी’, ‘असेल असं’ ही सगळी त्यात आली. यातलं कोणतं रूप कुठे वापरायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, तरी ते चुकत नाही.

उच्चारांबद्दल दोन शब्द. खाली फ्रेंच देवनागरीत लिहिलंय. ‘ऽ’ दिसेल तिथे ओठ गोल करून ‘अ’ म्हणायचा. ‘झ’चा उच्चार ‘झेड’मधल्यासारखा. अनुस्वार आणि चंद्रबिंदू नाकातले आहेत, त्यामागे न किंवा म ऐकू येता कामा नये.

रूप कसं तयार होतं

पुस्तकातला नियम असा. वर्तमानकाळातलं ‘ते’चं रूप घ्या, म्हणजे ‘इल’ बहुवचनी. त्याच्या शेवटची ई-एन-टी ही अक्षरं काढा. उरलेल्या भागाला मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने ई, ई-एस, ई, आय-ओ-एन-एस, आय-ई-झेड आणि ई-एन-टी जोडा.

नियम बरोबर आहे, पण तो कागदावरचा आहे. कानाने शिकायचं तर याहून सोपं आहे. ‘घेणे’ म्हणजे ‘प्रांद्र’ हे क्रियापद जवळून बघू. वर्तमानकाळात ‘मी घेतो’ म्हणजे ‘ज प्रां’, ‘तो घेतो’ म्हणजे ‘इल प्रां’. नाकातला स्वर, आणि शब्द तिथेच संपतो. ‘ते घेतात’ मात्र ‘इल प्रेन’. इथे शेवटचा ‘न’ स्पष्ट वाजतो. सब्जोंक्तिफमध्ये हेच ‘प्रेन’ मी, तू, तो आणि ते या चौघांनाही लागतं (आधीचा ‘क’ म्हणजे आपला ‘की’, आणि ‘क’ व ‘इल’ मिळून ‘किल’): क ज प्रेन, क त्यू प्रेन, किल प्रेन. लिहिताना शेवटची अक्षरं बदलतात, ऐकताना काहीही बदलत नाही. उरले आम्ही आणि तुम्ही: क नू प्रनियों, क व्हू प्रनिये. ही दोन रूपं तुम्हाला आधीपासून येतात, कारण अँपार्फे या भूतकाळातली ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ची रूपं हुबेहूब अशीच असतात.

म्हणजे नवं काहीच शिकायचं नाही. चार व्यक्तींसाठी ‘ते’चा आवाज घ्या, दोन व्यक्तींसाठी अँपार्फे. एवढ्यावर बहुतेक सगळी क्रियापदं निभतात. ‘पिणे’ आणि ‘येणे’ ही क्रियापदं आम्ही-तुम्हीत मूळ बदलतात म्हणून पुस्तकं त्यांना अनियमित ठरवतात. या पद्धतीत तीही सुतासारखी सरळ येतात. ‘ते पितात’ म्हणजे ‘इल ब्वाव्ह’, म्हणून क ज ब्वाव्ह. अँपार्फे ‘नू ब्युव्हियों’, म्हणून क नू ब्युव्हियों. ‘ते येतात’ म्हणजे ‘इल व्हिएन’, म्हणून किल व्हिएन. आणि क नू व्हनियों.

कान एकदा तयार झाला की एक गंमत लक्षात येते. साध्या वर्तमानकाळातल्या एकवचनात जे व्यंजन मुकं असतं, ते सब्जोंक्तिफमध्ये बोलू लागतं. पार (निघतो) होतो पार्त, सॉर (बाहेर पडतो) होतो सॉर्त, दी (सांगतो) होतो दीझ, ली (वाचतो) होतो लीझ, एक्री (लिहितो) होतो एक्रीव्ह, फिनी (संपवतो) होतो फिनीस, आतां (वाट बघतो) होतो आतांद, मे (ठेवतो) होतो मेत. या जोड्या मोठ्याने म्हणून बघा. फ्रेंच माणसाचा कान सब्जोंक्तिफ ओळखतो तो याच शेवटच्या ठोक्यावरून.

ज्यांचं मूळ रूप ‘ए’ने संपतं त्या क्रियापदांत (पार्ले, मांजे, एमे, आशते) हा ठोका ऐकू येत नाही. ‘मी बोलतो’ हेही ‘ज पार्ल’ आणि ‘मी बोलावं’ हेही ‘क ज पार्ल’. फ्रेंचमधली बहुसंख्य क्रियापदं याच गटातली आहेत. म्हणजे बोलताना अनेकदा तुम्ही नकळत बरोबर सब्जोंक्तिफ वापरत असता. फरक फक्त आम्ही-तुम्हीत पडतो: पार्लों नाही, पार्लियों, पार्ले नाही, पार्लिये. लिहिताना ‘एत्युदिए’ (अभ्यास करणे) सारख्या क्रियापदात दोन आय लागोपाठ येतात. ते चुकून लिहिलं गेलंय असं वाटतं, पण बरोबर आहे.

खरी अनियमित क्रियापदं नऊ. ती मात्र पाठ करावी लागतात, आणि नेमकी हीच रोज लागतात. तीन क्रियापदांचं मूळ बदलतं पण सगळीकडे एकच राहतं: फेर (करणे) चं फास, साव्ह्वार (माहीत असणे) चं साश, पूव्ह्वार (शकणे) चं प्युईस. आम्ही-तुम्हीत फासियों, साशिये वगैरे. दुसऱ्या तिघांचं आम्ही-तुम्हीत जुनं मूळ परत येतं: आले (जाणे) चं आय, पण आलियों, व्हूल्वार (हवं असणे) चं व्हऽय, पण व्हूलियों, व्हाल्वार (किंमत असणे) चं व्हाय, पण व्हालियों. फाल्वार हे फक्त तृतीयपुरुषी एकवचनात चालतं, त्याचं फाय. उरले एत्र आणि आव्ह्वार, म्हणजे ‘असणे’ आणि ‘जवळ असणे’. प्रत्ययांचा नेहमीचा साचा न पाळणारी क्रियापदं सगळ्या फ्रेंचमध्ये ही दोनच. एत्रचं स्वा, आणि स्वायों, स्वाये. आव्ह्वारचं ए, आणि एयों, एये. या दोघांच्या आम्ही-तुम्हीत वाय या अक्षरापुढे आय लिहायचा नाही. बाकी सगळीकडे आय लावायची सवय झालेली असते, म्हणून हात इथे हमखास घसरतो.

या नऊपैकी काही तुम्ही आधीच ऐकलेली असणार. फोनवर ताटकळत ठेवताना फ्रेंच आवाज ‘व्हऽये पासियांते’, म्हणजे ‘कृपया थांबा’, म्हणतो. एत्र, आव्ह्वार, साव्ह्वार आणि व्हूल्वार या चौघांची आज्ञार्थी रूपं सब्जोंक्तिफच्या मुळावरूनच बनतात.

‘पाहिजे’पासून सुरुवात

वापराकडे वळताना पहिला दरवाजा ‘इल फो क’, म्हणजे ‘...ला पाहिजे’ किंवा ‘...वं लागेल’. शिक्षणासाठी फ्रान्सला गेलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीला खोली, बँक अशा कामांसाठी खिडक्यांपुढे उभं राहावं लागतं. पलीकडून येणारी वाक्यं जवळपास ठरलेली असतात. ‘इल फो क ल दोसिए स्वा कोंप्ले’: कागदपत्रं पूर्ण असायला हवीत. ‘इल फो क व्हू प्रनिये रांदेव्हू’: तुम्हाला वेळ ठरवून घ्यावी लागेल. ‘इल फो क व्हू फासिये युन फोतोकोपी’: झेरॉक्स काढावी लागेल. ‘इल फो क व्हूझेये अँ गारां’: तुम्हाला हमीदार लागेल. स्वा, प्रनिये, फासिये, एये अशी चार रूपं चार वाक्यांत येऊन गेली. सब्जोंक्तिफ हे साहित्यिक फ्रेंचचं लेणं आहे असा समज असेल तर तो इथेच सोडून द्यावा. खिडकीवरचा कारकून ते दिवसभर बोलतो.

इच्छेच्या वाक्यात मराठी आणि फ्रेंच पावलावर पाऊल टाकत चालतात. आपण ‘मला जायचंय’ म्हणतो. ‘मी जावं अशी माझी इच्छा आहे’ असं स्वतःबद्दल सहसा म्हणत नाही. पण दुसऱ्याबद्दल असेल तर ‘तू जावंस असं मला वाटतं’. फ्रेंचमध्येही कर्ता एकच असेल तर मूळ क्रियापद, ‘ज व्हऽ पार्तीर’. कर्ते दोन असतील तर सब्जोंक्तिफ, ‘ज व्हऽ क त्यू पार्त’. हा नियम वेगळा शिकायची गरजच नाही.

आता ‘आशा’ बघा. इंग्रजीतून शिकणारे इथे हटकून अडखळतात, कारण आशा ही इच्छेचीच बहीण, मग ‘एस्पेरे’ला सब्जोंक्तिफ का लागत नाही? मराठीत बोलून बघा. ‘तो यावा अशी इच्छा आहे’, पण ‘तो येईल अशी आशा आहे’. इच्छेला ‘यावा’, आशेला ‘येईल’. फ्रेंच अगदी तसंच करतं: ‘ज स्वेत किल व्हिएन’ (तो यावा ही इच्छा), पण ‘जेस्पेर किल व्हियँद्रा’ (तो येईल ही आशा). आशा करणारा माणूस त्या गोष्टीवर पैज लावतो, ती घडेल असं धरून चालतो. फ्रेंच शिक्षक ज्याला अपवाद म्हणून लाल शाईने लिहितात, तो आपल्याला आईने शिकवलेला आहे.

‘म्हणून’ची दोन रूपं

मराठीतला ‘म्हणून’ हा शब्द दोन कामं करतो. ‘पाऊस पडला म्हणून आम्ही थांबलो’, इथे ते कारण आहे, घडून गेलेलं. ‘पाऊस पडावा म्हणून गावाने पूजा केली’, इथे तो हेतू आहे, घडलेला नाही. शब्द एकच, फरक ‘पडला’ आणि ‘पडावा’ यांचा. फ्रेंचमध्ये कारणासाठी ‘पार्स क’ आहे, त्याला साधं रूप. हेतूसाठी ‘पूर क’ किंवा ‘आफँ क’, आणि त्यांना नेहमी सब्जोंक्तिफ: ‘ज तेक्री पूर क त्यू साश ला व्हेरिते’, तुला खरं कळावं म्हणून लिहितोय.

एका फ्रेंच जोडणीत तर आपल्या ‘म्हणून’सारखंच दोन्ही चालतं. ‘द सॉर्त क’ या शब्दांनी परिणामही सांगता येतो आणि हेतूही. ‘इल पार्ल फॉर द सॉर्त क तू ल मोंद लांतां’ म्हणजे तो मोठ्याने बोलतो, त्यामुळे सगळ्यांना ऐकू येतं. शेवटी ‘लांतांद’ म्हटलं की अर्थ होतो, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून तो मोठ्याने बोलतो. ऐकू येतंय की नाही ते माहीत नाही. फक्त एका ‘द’चा फरक. सब्जोंक्तिफ कशासाठी आहे हे याहून स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला सापडलेलं नाही.

‘आधी’ आणि ‘नंतर’चंही तसंच. ‘तो निघायच्या आधी’: निघणं अजून घडलेलं नाही. ‘तो निघाल्यावर’: निघाला. म्हणून ‘आव्हां क’ला सब्जोंक्तिफ (आव्हां किल पार्त) आणि ‘आप्रे क’ला साधं रूप (आप्रे किल ए पार्ती). पण फ्रान्समध्ये असंख्य लोक ‘आव्हां क’च्या सवयीने ‘आप्रे क’पुढेही सब्जोंक्तिफ वापरतात, सुशिक्षित लोकसुद्धा. भाषेच्या शुद्धतेवर लक्ष ठेवणाऱ्या फ्रेंच अकादमीला ते मान्य नाही. परीक्षेत आणि लेखनात अकादमीचं ऐकावं. कानावर दुसरं पडलं तर गोंधळून जाऊ नये.

‘आव्हां क’, ‘जे पऽर क’ (मला भीती वाटते की) आणि ‘आ म्वँ क’ (नाहीतर, जर... नसेल तर) यांच्यापुढे कधी कधी एक रिकामा ‘न’ येतो: ‘आव्हां किल न पार्त’. अर्थ नकारार्थी नसतो, तो निघायच्या आधी एवढाच. आपण ‘तो येत नाही तोवर थांब’ म्हणतो, त्यातल्या ‘नाही’सारखाच हा. बोलण्यात तो बहुतेकदा गळतो. वाचताना ओळखता आला की पुरे.

घडलेल्या गोष्टीलाही सब्जोंक्तिफ?

आतापर्यंत सगळं ‘न घडलेल्या’ गोष्टींचं होतं, म्हणून सोपं वाटलं. अडचण पुढे येते. ‘ज स्वी कोंतां क त्यू स्वा ला’: तू इथे आहेस याचा मला आनंद आहे. तू तर समोर उभा आहेस! मग ‘आहेस’ला सब्जोंक्तिफ कशाला? ‘बियँ किल स्वा मालाद’: तो आजारी असला तरी. आजार खरा आहे, तापही मोजलेला आहे.

उत्तर मराठी वाक्यातच आहे. आपण ‘तू आहेस’ हे वाक्य सुटं ठेवत नाही, त्याला ‘याचा’ लावून बांधून टाकतो; किंवा ‘तू आल्याचा आनंद’, ‘तू जाण्याचं वाईट वाटतं’ असं त्याचं नाम करून टाकतो. ‘तो आजारी आहे’ हे ठाम ‘आहे’ सोडून ‘असला तरी’, ‘असूनही’ म्हणतो. कारण या वाक्यांत ती गोष्ट सांगायची नसते. ती ऐकणाऱ्यालाही माहीत असते. सांगायचा असतो आनंद, किंवा आजारी असूनही तो काय करतोय ते. फ्रेंचही हेच करतं: जी गोष्ट खरी आहे पण या वाक्याची बातमी नाही, तिला सब्जोंक्तिफमध्ये मागे ठेवतं. ‘खरं असेल तर साधं, काल्पनिक असेल तर सब्जोंक्तिफ’ असा सोपा नियम अनेक ठिकाणी शिकवतात. तो इथे कोसळतो आणि विद्यार्थ्याचा विश्वासच उडतो. ‘बोलणारा हे आत्ता ठामपणे मांडतोय का?’ असा प्रश्न विचारला तर तो टिकतो.

‘असला तरी’ची भावंडंही याच घरात राहतात. ‘क्वा क त्यू फास’: तू काहीही केलंस तरी. ‘ऊ क त्यू आय’: तू कुठेही गेलास तरी. ‘की क स स्वा’: कुणीही असो. यातला ‘क्वा क’ दोन शब्दांत लिहितात. एका शब्दातला ‘क्वाक’ म्हणजे ‘बियँ क’चा अर्थ, जरी.

घर शोधतानाची वाक्यंही ऐकण्यासारखी आहेत. ‘बाल्कनी असेल असं घर शोधतोय’ आणि ‘बाल्कनी आहे असं घर मिळालं’. पहिलं घर अजून फक्त मनात आहे. फ्रेंचमध्ये ‘ज शेर्श अँनापार्तमां की ए अँ बाल्कों’, आणि सापडल्यावर ‘जे त्रूव्हे अँनापार्तमां की आ अँ बाल्कों’. ‘असेल’चं ‘आहे’ झालं, ‘ए’चं ‘आ’ झालं.

जिथे मराठी दगा देते

सगळीकडे आपला कान चालेल असं समजू नका. तीन ठिकाणी तो फसवतो.

पहिलं ठिकाण ‘मला वाटतं’. ‘मला वाटतं तो येईल’ आणि ‘मला वाटत नाही तो येईल’, मराठीत ‘येईल’ तसाच राहतो. फ्रेंचमध्ये नकार आला की ठामपणा गेला: ‘ज पांस किल व्हियँ’, पण ‘ज न पांस पा किल व्हिएन’. ‘क्र्वार’ (मानणे) आणि ‘त्रूव्हे’ (मत असणे) यांचंही असंच. हे मुद्दाम घोकावं लागतं.

दुसरं त्याच्या उलट. ‘मला वाटतं तू डॉक्टरकडे जावंस.’ इथे मराठीत विध्यर्थ आहे, म्हणून विद्यार्थी ‘ज पांस क त्यू आय’ म्हणून मोकळे होतात. ते चूक. होकारार्थी ‘पांस’पुढे सब्जोंक्तिफ येत नाही. सल्ला द्यायचा तर ‘ज पांस क त्यू दव्हरे आले शे ल मेदसँ’, म्हणजे ‘दव्ह्वार’ या क्रियापदाचं कोंदिसियोनेल. नाहीतर सुरुवातच बदलायची: ‘इल व्होद्रे म्यऽ क त्यू आय शे ल मेदसँ’, तू डॉक्टरकडे गेलेलं बरं. इथे मात्र सब्जोंक्तिफ हवंच.

तिसरं ठिकाण शक्यतेचं. ‘तो घरी असावा’ या आपल्या अंदाजाला फ्रेंच सब्जोंक्तिफ देत नाही, ‘इल द्वा एत्र शे ल्वी’ म्हणतं. ‘कदाचित’साठी असलेल्या ‘पऽतेत्र क’लाही साधं रूपच लागतं. आणि ‘शक्य आहे’ व ‘संभव जास्त आहे’ यांच्यामध्ये फ्रेंचने एक रेघ ओढलेली आहे: ‘इले पॉसिब्ल क’ला सब्जोंक्तिफ, ‘इले प्रॉबाब्ल क’ला साधं रूप. संभव जास्त म्हटलं की बोलणाऱ्याने आपलं वजन एका बाजूला टाकलेलं असतं, आशेसारखंच. मराठीत ही रेघ इतकी स्पष्ट नाही, म्हणून ही जोडी तोंडपाठ असलेली बरी.

आशीर्वाद, घोषणा आणि एक टोमणा

‘क’शिवायही सब्जोंक्तिफ भेटतं, ते जुन्या गोठलेल्या वाक्यांत. ‘व्हीव्ह ला फ्रांस’ म्हणजे फ्रान्स चिरायू होवो. ‘दिऽ व्हू बेनीस’, देव तुमचं भलं करो. चर्चमधल्या प्रार्थनेच्या शेवटी ‘अँसी स्वातिल’, तथास्तु. आपल्या ‘होवो, करो’ची ही जागा. तिसऱ्या माणसाबद्दल हुकूम सोडायचा तर ‘क’ लावून वापरतात: ‘किल आतांद’, थांबू दे त्याला. राणी मारी आंत्वानेतच्या नावावर खपवलं जाणारं ‘किल मांज द ला ब्रिऑश’, म्हणजे ‘ब्रिऑश (लोणी-अंडी घातलेला पाव) खाऊ देत त्यांना’, हे वाक्यही याच घडणीचं आहे. तिने ते म्हटल्याचा पुरावा मात्र नाही. आणि ‘पा क ज साश’, म्हणजे ‘माझ्या माहितीत तरी नाही’, हे तीन-चार शब्दांचं उत्तर रोजच्या बोलण्यात इतकं कामी येतं की ते आजच उचलावं.

जुन्या कादंबऱ्या वाचताना सब्जोंक्तिफचे भूतकाळही दिसतील, ‘किल फ्यू’, ‘किल व्हँ’ अशी रूपं. बोलण्यातून ती गेली आहेत. ‘त्याने यायला हवं होतं’सारख्या वाक्यातही आज वर्तमान सब्जोंक्तिफच वापरतात, आणि 1901 सालच्या सरकारी आदेशाने कोंदिसियोनेलनंतर अशी सूट परीक्षांमध्येही दिलेली होती. सब्जोंक्तिफला भविष्यकाळ मुळातच नाही. ‘तू उद्या यायला हवंस’ला ‘इल फो क त्यू व्हिएन दमँ’ एवढंच. ‘यावं’ला तरी कुठे काळ असतो?

सराव यादी घेऊन करू नका. एकच साधं वाक्य घ्या, ‘इल व्हियँ’, तो येतो, आणि त्यापुढे वेगवेगळी सुरुवात लावत जा. आधी मराठीत म्हणा, मग फ्रेंचमध्ये. मला माहीत आहे की: ज से किल व्हियँ. मला हवंय: ज व्हऽ किल व्हिएन. आशा आहे: जेस्पेर किल व्हियँद्रा. मला वाटतं: किल व्हियँ. मला वाटत नाही: किल व्हिएन. तो येईपर्यंत: ज्यूस्का स किल व्हिएन. तो येतोय म्हणून, कारण: पार्स किल व्हियँ. त्याने यावं म्हणून: पूर किल व्हिएन. तो येतोय याचा आनंद आहे: ज स्वी कोंतां किल व्हिएन. व्हियँ आणि व्हिएन यांतला फरक ओठांवर बसला की क्रियापद बदला: पार आणि पार्त, फे आणि फास, ए आणि स्वा.